देव कळत नाही आणि चर्च सोसवत नाही

पत्र थोडक्यात: बोरिवलीकडच्या एका गावठणातल्या, चाळिशीतल्या ताईंचं पत्र आलंय. माहेर वसईचं, नोकरी अंधेरीला. काही वर्षं त्या आपल्या चर्चमध्ये रविवारी सहावीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवतात. पवित्र त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) धडा चालू असताना एका मुलाने विचारलं, "टीचर, देव एकच आहे तर तीन कसे? आणि येशू देव होता तर क्रूसावरून तो हाक कुणाला मारत होता?" ताईंनी नेहमीचं अंड्याचं उदाहरण दिलं, टरफल, पांढरं आणि पिवळं. मुलगा म्हणाला, "म्हणजे येशू एक तृतीयांश देव?" वर्ग हसला, ताईंना पुढे काही सुचलं नाही, आणि घरी आल्यावर जाणवलं की हे आपल्यालाच कधी कळलेलं नव्हतं. त्याच महिन्यात पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या मंडळीच्या, मीटिंगमध्ये मराठी मिस्साची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) वेळ काढून ती इंग्रजी मिस्साला द्यायची यावरून गावठणवाले आणि टॉवरवाले यांची जुंपली. ताईंनी त्यातच हॉलच्या दुरुस्तीसाठी जमवलेल्या पैशांचा हिशोब विचारला, तर एक जुने मेंबर म्हणाले, "चर्च म्हणजे कंपनी नाही. चर्च हे देवाचं रहस्य आहे. श्रद्धा ठेवा." नवरा हल्ली एका वेगळ्या प्रार्थना-मंडळीत जातो, तिथले पास्टर बोर्डवर आकृत्या काढून सगळं समजावून सांगतात, तो म्हणतो तूही चल. ताईंना वाटतं शिकवणं सोडावं, चर्चही सोडावं, घरीच बायबल वाचावं आणि यूट्यूबवर मिस्सा बघावी. "जे मला कळत नाही ते मुलांना शिकवणं म्हणजे ढोंगच ना?" असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

ताई,

आधी त्या पोराबद्दल बोलते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात शहाणा तोच आहे. त्याने जे विचारलं त्यावर चर्चच्या पिढ्या गेल्यात. इसवी सन 325 मध्ये निकेयाला, म्हणजे आताच्या तुर्कस्तानात, बिशप मंडळी जमली ती याच भांडणासाठी. अलेक्झांड्रियाचा एरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र सगळ्यांत श्रेष्ठ आहे हे खरं, पण तो पित्याने निर्माण केलेला, म्हणजे तो नव्हता असाही एक काळ होता. परिषदेने ते फेटाळलं, पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरवलं, तसं लिहून काढलं, आणि मिटलं का? कसलं मिटतंय. पुढे पन्नासहून जास्त वर्षं तेच चालू, निकेयाची बाजू धरून बसलेल्या अथनासियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं, आणि 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलची परिषद झाली तेव्हा कुठे जरा निवलं. रविवारी आपण जो क्रीड, म्हणजे विश्वासाचा कबुलीजबाब, अर्धं लक्ष घड्याळाकडे ठेवून म्हणतो ना, त्यातल्या कितीतरी ओळी या मारामारीतून आल्यात. आणि तुमचा सहावीतला मुलगा एका तासात तिथे पोचला! ज्या वर्गात असा प्रश्न विचारायची मुलाला भीती वाटत नाही त्या वर्गाची टीचर नापास आहे असं तुम्ही कशावरून ठरवलंत?

अंड्याचं म्हणाल तर मुलाने ते बरोबर फोडलं. अंड्यात तीन भाग असतात आणि एकटं टरफल म्हणजे काही अंडं नव्हे, त्यामुळे त्या उदाहरणाने देवाचे तुकडे होतात. मग आपण दुसरं टोक गाठतो, पाणी, बर्फ आणि वाफ. त्यात एकच देव वेळ बघून तीन सोंगं घेतो असं होतं, आणि ही चूकही जुनीच आहे, तिसऱ्या शतकात सबेलियस नावाच्या माणसाच्या नावावर ती जमा झालीय. कुठलंही उदाहरण घ्या, ते या बाजूला नाहीतर त्या बाजूला कलंडतंच. यात तुमचा काही दोष नाही, टीचर म्हणून तुम्हाला जे हाताशी मिळालं ते तुम्ही वापरलंत.

आता तुमच्या पत्राखाली दडलेलं पहिलं गृहीत काढून बघू. तुम्ही धरून चाललाय की त्रैक्य हे एक अवघड गणित आहे, मोठमोठ्या फादरांनी ते सेमिनरीत सोडवलेलं आहे, आणि उत्तर फक्त तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही. तसं नाहीये हो. त्या परिषदांनी देव आतून कसा चालतो ते सांगितलंच नाही, कुठली सोपी उत्तरं चालणार नाहीत तेवढं सांगितलं. 451 ची खाल्सेदोनची परिषद घ्या. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, मग ही दोन स्वरूपं एकत्र कशी, याला त्यांनी चार शब्द दिले आणि चारही नकारार्थी: मिसळून न जाता, न बदलता, न दुभंगता, वेगळी न होता. बस्स. पुढचं सांगायच्या भानगडीत ते पडले नाहीत. आपल्याकडे 'नेति नेति' कानावर पडतच माणूस मोठा होतो, तेव्हा आपल्याला तरी हे परकं वाटू नये.

संत ऑगस्टीनने, चर्चच्या जुन्या थोर गुरूंपैकी एकाने, एका प्रवचनात सरळ सांगितलं होतं की तुला समजला असेल तर तो देव नव्हे. (समुद्रकिनारी खड्ड्यात समुद्र भरणाऱ्या मुलाची जी गोष्ट त्रैक्याच्या सणाला हमखास ऐकायला मिळते ती मागाहून जोडलेली दंतकथा आहे, पण हे वाक्य मात्र त्याचंच.) आणि थॉमस अक्वायनस, ज्याच्या ग्रंथांवर कॅथलिक धर्मशास्त्राचा निम्मा डोलारा उभा आहे, त्याने डिसेंबर 1273 मध्ये एका मिस्सानंतर लिहिणंच थांबवलं, म्हणाला की मी जे पाहिलं त्यापुढे माझं आजवरचं लिखाण म्हणजे काडीकचरा. पुढच्या मार्चमध्ये तो गेला.

पण याचा अर्थ "कळत नाही ना, मग सोडून द्या" असा काढू नका, ही दोन्ही माणसं आयुष्यभर हजारो पानं लिहीत होती. न कळण्याचे दोन प्रकार असतात. एक, मला कुणी नीट सांगितलंच नाही. दुसरा, सांगितलेलं सगळं समजलं तरी समोरचं संपत नाही. चाळीस वर्षं ओळखत असलेली आपली आई एखाद्या संध्याकाळी असं काही बोलून जाते की ही बाई आपल्याला कळलीच नव्हती असं वाटतं, आणि तरी ती आपल्याला अनोळखी नसते. देवाचं रहस्य ख्रिस्ती माणूस म्हणतो ते या दुसऱ्या प्रकारातलं. तुमच्या बाबतीत मला वाटतं दोन्ही थोडं थोडं आहे, आणि पहिल्या प्रकारावर इलाज आहे. पॅरिशच्या फादरांना, किंवा बायबल शिकवणाऱ्या एखाद्या सिस्टरना एक तास मागा, मुलाचे दोन्ही प्रश्न जसेच्या तसे त्यांच्यापुढे ठेवा. वर्गातून प्रश्न घेऊन आलेली टीचर बघून कुठल्याही बऱ्या फादरला आनंदच होतो.

आता ढोंगाचं. कळत नसताना कळतंय असं भासवलं तर ते ढोंग. "मला हे पूर्ण कळलेलं नाही, पण चर्च काय म्हणतं आणि काय म्हणत नाही ते मी तुम्हाला सांगू शकते" याला ढोंग कोण म्हणेल? पंडिता रमाबाईंचं घ्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर आपल्याला धर्मात आणणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशीच पत्रांतून कडाडून वाद घातला, त्रैक्यावरून, क्रीडवरून, चर्चने मला काय मानायला लावावं यावरून. त्यांचं म्हणणं साधारण असं की इथल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता लगेच दुसरं चढवून घेणार नाही. समोरच्या सिस्टरना ते आवडलं नाही, पण म्हणून बाई गप्प बसल्या नाहीत आणि ख्रिस्तालाही सोडून गेल्या नाहीत. 1889 मध्ये त्यांनी इथे मुंबईतच शारदा सदन काढलं, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवण्यात घातली. शंका असलेल्या बाईने धर्माचं काम करू नये असा नियम असता तर आपल्याकडे काय उरलं असतं बघा.

येत्या रविवारी वर्गात काय करायचं? अंडं, बर्फ सगळं बाजूला ठेवा आणि मुलांना एक प्रसंग वाचून दाखवा, मार्कच्या पहिल्या अध्यायातला, यार्देन नदीतला येशूचा बाप्तिस्मा. पाण्यातून वर येणारा पुत्र, कबुतरासारखा उतरणारा आत्मा, वरून पित्याची वाणी. तिघं एकाच वेळी हजर, म्हणजे सोंगं बदलतायत असं म्हणता येत नाही. मग योहानच्या पहिल्या पत्रातलं "देव प्रीती आहे" हे घ्या आणि मुलांनाच विचारा की जग नव्हतं, माणूस नव्हता, तेव्हा देव प्रीती करत कुणावर होता? मुलं यावर जे काही बोलतील ते ऐकण्यासारखं असेल. चर्चचं म्हणणं असं की देव कधी एकटा नव्हताच, प्रीती त्याच्यातच होती, देणारा, घेणारा आणि त्या दोघांमधली प्रीती. सहावीला एवढं पुरे, आणि खरं सांगू, साठीलाही एवढं पुरतं.

क्रूसावरच्या हाकेबद्दल मात्र घाई करू नका. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" ही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि ते स्तोत्र शेवटाला जाईपर्यंत स्तुतीकडे वळतं, हे मुलांना जरूर सांगा. पण तेवढ्यावर मिटवून टाकू नका. तो खरोखर मनुष्य होता, खरोखर मरत होता, आणि माणूस मरताना देवाला जसं विचारतो तसंच त्याने पित्याला विचारलं, नाटक नव्हतं ते. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या पश्चात 2007 मध्ये छापली गेली तेव्हा लोक हादरले होते, कारण देव जवळ असल्याची जाणीवच या बाईंना अनेक दशकं होत नव्हती असं त्यांतून दिसलं. त्या तरीही रोज पहाटे चॅपेलमध्ये बसायच्या. मुलांना नाही, पण मुलांच्या टीचरला हे माहीत असलेलं बरं.

आता चर्चकडे वळू, कारण तुमचा खरा राग तिथेच आहे, पत्राचा दुसरा अर्धा भाग तुम्ही एका दमात लिहिलाय हे दिसतंच.

तुम्ही मनात दोन कप्पे केलेत. एका कप्प्यात देव, गूढ, स्वच्छ, शांत. दुसऱ्यात चर्च, म्हणजे मीटिंग, माइकवरून आवाज चढवणारे काका, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे टोमणे. पहिला कप्पा घरी न्यायचा आणि दुसरा तिथेच टाकायचा असा तुमचा बेत आहे. वाटतं खरं सोपं. पण बायबलमधल्या, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा दुसरा आणि तिसरा अध्याय एकदा सलग वाचा. तिथे म्हटलंय की मागच्या पिढ्यांना न कळलेलं रहस्य आता उघड झालं. काय ते? आकाशातलं काही नाही. यहुदी आणि यहुदी नसलेले आता एकाच वतनाचे वारस, एकाच शरीराचे अवयव, मधली आडभिंत पडली, हेच ते रहस्य! जे एका ताटात जेवायला बसत नव्हते ते एका घरचे झाले. म्हणजे पौलाच्या हिशोबात देवाचं गूढ आणि न जमणाऱ्या लोकांचा जमाव हे दोन विषयच नाहीत. कलस्सैच्या मंडळीला लिहिताना तर तो म्हणतो की ते रहस्य म्हणजे तुमच्यामध्ये असलेला ख्रिस्त, आणि हे 'तुमच्यामध्ये' म्हणजे त्या अख्ख्या मंडळीमध्ये, त्यातल्या नको त्या माणसांसकट.

आता हे बोरिवलीत आणून बघा. एकीकडे ज्यांच्या पणजोबांनी चर्चसाठी दगड वाहिले असतील ते गावठणवाले, ज्यांना मराठीतच रडता येतं आणि मराठीतच मागता येतं. दुसरीकडे टॉवरमधली मंगलोरची, केरळची, गोव्याची, तमिळ कुटुंबं, ज्यांच्या पोरांना इंग्रजीशिवाय धड काही येत नाही आणि ज्यांना या शहरात चर्च सोडून दुसरं ओळखीचं काहीच नाही. दोघांचंही खरं आहे. मिस्साच्या वेळेवरून भांडण झालं म्हणून तिथे देव नाही असं तुम्हाला वाटतंय, मला उलट वाटतं, पौल ज्याबद्दल लिहीत होता ते अगदी हेच, फक्त आडभिंतीच्या जागी मिस्साचं टाइमटेबल आलंय.

आणि सुरुवातीची चर्चं काही फार गोड नव्हती. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला काही जण आधीच पोटभर खाऊन-पिऊन तर्र व्हायचे आणि गरीब उपाशी बसायचे, पौलाने त्यांना असलं झापलंय की आजही वाचताना आपण मान खाली घालावी. फिलिप्पैच्या पत्रात युवदीया आणि संतुखे अशा दोन बायकांची नावं येतात, दोघी सुवार्तेच्या कामात खपलेल्या, आणि दोघींचं फाटलेलं. पौल अख्ख्या मंडळीसमोर नावं घेऊन विनवतो, एक व्हा. भांडण कशावरून होतं ते कुठेच लिहिलेलं नाही. (मला आपलं वाटतं, हॉलवरूनच असणार.)

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, 21 नोव्हेंबर 1964 ला चर्चवरचा मोठा दस्तऐवज काढला, त्याच्या पहिल्या प्रकरणाचं नावच 'चर्चचं रहस्य' असं आहे. आणि त्याच प्रकरणात हेही आहे की चर्च पापी माणसांना पोटात घेऊन चालतं, ते पवित्र आहे आणि त्याला सतत शुद्ध होत राहावं लागतं, दोन्ही एकाच वेळी. म्हणजे त्या जुन्या मेंबरने रहस्य शब्द वापरला तो बरोबर आणि ज्यासाठी वापरला ते साफ चूक.

यावर मी जरा थांबणार आहे, कारण अशी पत्रं मला बऱ्याच जणांकडून येतात, कॅथलिकच नाही, मेथडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), सगळीकडून. देवाचं रहस्य उघड होण्यासाठी असतं, ख्रिस्ती विश्वासात ते चौकात सांगितलं जातं. हॉलच्या दुरुस्तीला किती जमले, किती खर्च झाले, कॉन्ट्रॅक्टरचं बिल कुठाय, यात गूढ असं काहीही नाही, ती बेरीज-वजाबाकी आहे. आणि हे फक्त माझं मत नाही. कॅथलिक चर्चचा स्वतःचा 1983 चा कायदा आहे, त्याच्या 537 व्या कलमाप्रमाणे प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थ समिती असलीच पाहिजे. 1287 व्या कलमात आहे की लोकांनी अर्पण केलेल्या पैशांचा हिशोब लोकांना द्यायचा, त्या त्या ठिकाणच्या नियमांप्रमाणे. 212 व्या कलमात तर असं आहे की चर्चच्या भल्याबद्दल आपलं मत धर्मगुरूंना सांगणं हा लोकांचा हक्क आहे आणि कधीकधी कर्तव्यही. त्यामुळे तुम्ही श्रद्धा सोडून काही विचारलंत असं नाही, चर्चनेच तुम्हाला विचारायला सांगितलंय.

आता कसं विचारायचं? ग्रुपवर अजिबात नाही, तिथे दोन तासांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली ते जाईल आणि वर तुमच्या बोलण्याचा स्क्रीनशॉट भलत्याच घरी पोचेल. कागदावर चार ओळींचं पत्र लिहा, फादरांच्या नावाने, एक प्रत अर्थ समितीला. किती जमा, किती खर्च, किती शिल्लक, काम कधी पूर्ण, एवढंच. आरोप नको, कुणाचं नाव नको. सह्या पाच-सहाच घ्या पण निम्म्या गावठणातल्या आणि निम्म्या टॉवरमधल्या घ्या, म्हणजे हे भाषेचं भांडण नाही हे पत्र उघडताच दिसेल. मराठी मिस्साचा विषय या पत्रात घालूच नका, दोन्ही एकत्र आले की हिशोब मागे पडतो आणि नुसती अस्मिता उरते. तो वेगळा मांडा, आणि मांडताना आधी मराठी मिस्साला येणाऱ्या म्हाताऱ्यांची अडचण सांगा, कुणाला संधिवात आहे, कुणाला नातवंडांना सोडून यावं लागतं, नेमकी कुठली वेळ त्यांना जमते. तत्त्वावर लोक हटून बसतात, आजीच्या गुडघ्यावर जरा विरघळतात. हिशोबाच्या पत्राला महिना-दीड महिना उत्तर आलं नाही तर बिशप हाउसला लिहायला काहीच हरकत नाही, त्यात बंड वगैरे नाही.

एक अपवाद सांगून ठेवते, तुमच्या पत्रात तसं काही नाही पण इतरही वाचतायत. चर्चमध्ये कुणी मुलांना त्रास देत असेल, बायकांच्या अंगचटीला येत असेल, धमकावत असेल तर तिथे धीर, रहस्य, क्षमा यातलं काहीही आधी येत नाही. आधी मुलाला तिथून बाहेर काढायचं आणि पोलीस स्टेशन गाठायचं.

घरी बसून देवाशी नातं ठेवायच्या पर्यायाबद्दल. लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनीच स्क्रीनवर मिस्सा पाहिली, आजारी माणसाला, अंथरुणावरच्या सासूबाईंना ती आजही आधार आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण तुम्ही धडधाकट आहात, तुम्ही माणसं टाळायला घरी बसणार आहात, आणि तिथेच माझी हरकत आहे. नारायण वामन टिळकांचं उदाहरण मला इथे फार बोलकं वाटतं. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा कवी मिशनच्या परकीय साच्याला शेवटी इतका कंटाळला की 1917 मध्ये त्यातून बाहेर पडला. बाहेर पडून त्याने काय केलं? एकटा ध्यान लावून बसला नाही. त्याने 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे ख्रिस्तभक्त एकत्र आणायला. संस्थेवर चिडलेल्या माणसालाही पुन्हा माणसंच गोळा करावी लागली. दोनच वर्षांत ते गेले, त्यामुळे त्या दरबारात मीटिंगमध्ये कोण कुणावर ओरडलं असतं ते बघायची वेळ आली नाही.

ऑगस्टीनचं आणखी एक सांगते, कारण याचा उपयोग तुम्हाला या रविवारीच होईल. नव्याने बाप्तिस्मा झालेल्यांना तो वेदीवरच्या भाकरीबद्दल सांगत होता. तो म्हणाला, ख्रिस्ताचं शरीर तुम्हीच आहात, तेव्हा वेदीवर तुमचंच रहस्य ठेवलेलं आहे, आणि 'ख्रिस्ताचं शरीर' हे शब्द ऐकून तुम्ही जे आमेन म्हणता ते तुम्ही स्वतः जे आहात त्यालाच म्हणता. आता कम्युनियनची, म्हणजे ती भाकरी घ्यायची, रांग आठवा. तुमच्या पुढे दोन माणसं सोडून तेच मेंबर उभे आहेत, ज्यांनी तुम्हाला श्रद्धा ठेवा म्हणून सुनावलं, डाव्या तळव्याखाली उजवा तळवा धरून, टाचा जरा उचलून, फादर कधी येतायत ते बघत. तुमचं आमेन त्यांच्यासकट आहे. त्यांना हे पटेल न पटेल, हिशोबाचं पत्र त्यांना आवडेल न आवडेल, पण आमेन म्हणायचं तर यांना वगळून म्हणता येत नाही. मला विचाराल तर एक देव तीन कसा यापेक्षा हे जास्त अवघड आहे, आणि त्रैक्यावर इतकं डोकं शिणवणारे आपण यावर कधी पाच मिनिटंही घालवत नाही.

राहिला नवऱ्याचा मुद्दा. त्याच्याशी यावरून भांडू नका, आणि त्या मंडळीची टिंगलही करू नका. तिथे त्याला नावाने हाक मारत असतील, आजारी पडला तर घरी कुणी येत असेल, आपल्या मोठ्या पॅरिशमध्ये नेमकं तेच राहून जातं आणि माणसं त्यासाठीच तिकडे जातात, आकृत्यांसाठी नाही. एकदा त्याच्याबरोबर जाऊन या, मोकळ्या मनाने बसा. वाटलं तर त्या पास्टरनाही तुमच्या वर्गातल्या मुलाचे दोन्ही प्रश्न विचारा. बोर्डवरच्या त्रिकोणात सगळं चपखल बसलं तर सावध राहा, आणि "इथे माझं थांबतं" असं ते म्हणाले तर त्यांचं पुढचं बोलणं नीट ऐका. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, घेत असतील तर हिशोब मात्र तिथेही विचारा, नियम सगळ्यांना सारखा. आणि नवऱ्यालाही सांगा की महिन्यातून एक रविवार तू माझ्याबरोबर मिस्साला ये, संसार एकतर्फी चालत नाही.

शिकवणं सोडायचा निर्णय या महिन्यात घेऊ नका, भांडणाच्या धुरात घेतलेला निर्णय नंतर आपलाच वाटत नाही. निदान हे शाळेचं वर्ष संपू द्या. त्यानंतरही नको वाटलं तर खुशाल थांबा, त्यात पाप वगैरे काही नाही, फक्त फादरांना दोन महिने आधी सांगा आणि तुमच्या जागी येणाऱ्या टीचरला एक रविवार शेजारी बसवून घ्या. सहावीच्या त्या वर्गात कुठला मुलगा काय विचारतो ते तिला आधीच माहीत असलेलं चांगलं.